पाटावरचं विमान

"बॅटरी लावली की हात काढायचा आणि दहा मोजायचे," कुरणे सर म्हणाले. "मोठ्यानं मोजा."

मी मोजले. सकाळचे सात वाजले होते. बेडगच्या वाटेवरच्या त्या माळावर आम्ही दोघंच होतो, आणि मी, अडतीस वर्षांची बाई, थर्माकोलच्या विमानासमोर उकिडवी बसून बालवाडीतल्या पोरीसारखी एक, दोन, तीन म्हणत होते. आठ म्हणताना विमानाच्या पंखांच्या मागच्या पट्ट्या एकदा झटकन हलल्या आणि थांबल्या.

"झालं. आता त्याला कळलं."

"काय कळलं?"

"सपाट म्हणजे काय ते." सर गुडघ्यावर हात टेकून उठले. "ह्याच्या पोटात स्टॅबिलायझर आहे, वहिनी. बॅटरी लावताना विमान जसं ठेवलेलं असेल, ते त्याला सपाट वाटतं. मग वर गेल्यावर वाऱ्यानं तिरकं केलं, तुमच्या हातून तिरकं झालं, तरी ते आपलं आपण परत सपाट होतं. म्हणून त्या दहा आकड्यांत त्याला हलवायचं नाही. तेव्हा चुकीचं शिकलं, तर वर जाऊनही चुकीचंच करणार ते. त्याला बिचाऱ्याला काय माहीत."

"बरं," मी म्हटलं.

त्या दिवसांत मी सगळ्याला बरं म्हणायचे. जेवतेस का, बरं. झोपतेस का, बरं. माझ्या नवऱ्याला, उदयला, जाऊन नऊ महिने झाले होते. झेरॉक्सची मशीन दुरुस्त करत तो गावोगाव फिरायचा. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी जतमधल्या एका दुकानात मशीनचं झाकण उघडून आत वाकला आणि तसाच खाली बसला. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. बेचाळीस वय. मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. चौदाव्या दिवशी मी कामावर गेले आणि पहिल्याच पेशंटची शीर पहिल्याच टोचणीत सापडली. मी रडले नव्हते. नणदा, मावशा, शेजारणी मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणायच्या, "हिला रडवा हो कुणीतरी, आत राहिलं की बाधतं." एका मावशीनं तर त्याचा लग्नातला फोटो माझ्या मांडीवर आणून ठेवला. मी त्याच्यावरची धूळ पुसली आणि परत भिंतीवर लावला. मला खरंच काही वाटत नव्हतं. दात काढताना इंजेक्शन देतात, तेव्हा गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळं अंग होतं.

विमानाचं खूळ उदयचं. दोन वर्षं रविवारच्या रविवार मागच्या गॅलरीत बसून त्यानं बाल्साच्या हलक्या लाकडाचं एक विमान बांधलं होतं. पाच फुटांचा पंख, वरून पिवळा चकचकीत कागद इस्त्रीनं चिकटवलेला. माझी इस्त्री त्यात कामातून गेली, त्यावरून आमचं भांडणही झालं होतं. विमान बांधून पुरं झालं आणि महिन्याभरात तो गेला. विमान कपाटावर चादरीत गुंडाळून राहिलं.

कुरणे सर आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवून निवृत्त झालेले. उदयला ह्या नादाला त्यांनीच लावलं. जुलैमध्ये एका संध्याकाळी ते घरी आले, चहा घेतला, कपाटाकडं दोनदा बघितलं आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "अक्का, त्यानं बांधलं, पण उडवायचा धीर होईना त्याला. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत राहिला. तुम्ही म्हणाल तर मी एकदा उडवून दाखवतो."

"नको," आई म्हणाल्या. सासूबाईंना मी आईच म्हणायचे. "उडायचं असेल तर घरच्या माणसानं उडवायचं."

घरात माणसं दोनच उरली होती. एक गुडघ्याला पट्टा लावून फिरणारी अडुसष्ट वर्षांची, आणि दुसरी मी.

"मी शिकते," मी म्हटलं. त्यात धाडस बिडस काही नव्हतं. ज्याला काही वाटत नाही, त्याला हो म्हणायला कष्ट पडत नाहीत.

आई माझ्याकडं बघत राहिल्या. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या. आमचं भांडण कधी झालं नाही, आणि गळ्यात गळेही नव्हते. उदय गेल्यावर तर घरात आम्ही एकमेकींना वाट देत फिरायचो. आज त्यांना जाऊनही तीन वर्षं होत आली, पण त्या संध्याकाळचा त्यांचा आवाज मला जसाच्या तसा आठवतो.

"शीक," त्या म्हणाल्या. "मला एकदा ते उडताना बघायचंय. पण रोहिणी, माझ्या पोराच्या हातचं एवढं एकच धड राहिलंय. गेलं तसं परत आलं पाहिजे. एक ओरखडा चालणार नाही मला."

"बरं," मी म्हटलं.

"बरं नको. येईल म्हण."

"येईल."

अशी मी रविवारी सकाळी माळावर जाऊन सरांच्या थर्माकोलच्या विमानावर शिकायला लागले. रिमोटला दोन काड्या. डावीनं इंजिनाचा जोर कमीजास्त, उजवीनं वर-खाली आणि डावं-उजवं. वरच्या बाजूला तीन टप्प्यांचा एक स्विच. पहिल्या टप्प्यात स्टॅबिलायझरची पूर्ण मदत. तो विमान फार कलू द्यायचाच नाही, आणि काड्या सोडल्या की आपण होऊन सरळ. दुसऱ्यात अर्धी मदत. तिसऱ्यात काही नाही, विमान आणि तुम्ही.

"फ्रिजला असतो तसा स्टॅबिलायझर?" आईंनी घरी विचारलं.

"तसाच काहीतरी."

"मग बरंय. फ्रिज पंधरा वर्षं झाली, काही बिघडलं नाही."

माझा हात हलका आहे. लॅबमध्ये म्हातारी माणसं मीच येईपर्यंत बाकावर बसून राहतात. सरांनाही त्याचं कौतुक. "फिटरची पोरं ह्या काड्या कानशीसारख्या घासतात," ते म्हणायचे. "तुमचं बरं आहे. तुम्ही नुसतं सांगता त्याला."

गोची एकच होती. विमान आपल्यापासून लांब जात असतं तेव्हा डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. वळून आपल्याकडं तोंड करून यायला लागलं, की सगळं उलटं. तुम्ही काडी उजवीकडं दाबता आणि ते तुमच्या डावीकडं जातं. सरांनी त्यावर तोडगा सांगितला होता. "समोरून येताना जो पंख खाली पडलेला दिसेल, त्या बाजूला काडी न्यायची. पडणाऱ्याला टेकू द्यायचा. एवढंच लक्षात ठेवा." माझ्या ते लक्षात राहायचं आणि हातात यायचं नाही. विमान तोंडावर आलं की माझा गोंधळ व्हायचा आणि मी काड्या सोडून द्यायचे. सोडल्या की विमान आपोआप सरळ व्हायचं, डोक्यावरून निघून जायचं, आणि परत सोपं व्हायचं.

हे मला आवडायला लागलं. म्हणजे आवडलं असं म्हणत नाही, त्रास होत नव्हता एवढंच. गोंधळ झाला की हात सोडायचे आणि थांबायचं. आठवडाभर घरात, लॅबमध्ये मी तेच करत होते.

पाचव्या का सहाव्या रविवारी सर वैतागले.

"वहिनी, खरं सांगू? तुम्ही विमान उडवत नाही. विमान तुम्हाला सांभाळतंय."

"पडत नाही ना?"

"पडत नाही. पण हे असं किती दिवस? टाका स्विच तिसऱ्यावर. उंच आहे, मी शेजारी उभा आहे."

"पुढच्या रविवारी."

"उदयसारखं बोलू नका."

त्यांना लगेच वाईट वाटलं, ते माझ्याकडं न बघता घाम पुसायला लागले. मला काही झालं नव्हतं. मी पहिल्या टप्प्यावरच विमान उतरवलं, अगदी अलगद, आणि सरांचं तोंड बंद झालं. तिसऱ्या टप्प्यावर मी एकदाही उडवलं नाही.

सरांनी मग उदयच्या विमानातही तसाच स्टॅबिलायझर बसवून दिला. दिवस आईंनी ठरवला. दसरा. दसऱ्याला आमच्या घरी अवजारांची पूजा असते. आईंची शिवणाची मशीन, उदयची स्क्रू ड्रायव्हरची पेटी, माझी स्कूटर, एका वर्षी तर माझी रक्ताच्या नळ्यांची ट्रेसुद्धा पुजली होती. मग विमान सुटेल कसं? पण आई म्हणाल्या, पूजा घरात नको. जिथं चालवायचं तिथं करायची.

तेव्हा दसऱ्याला सकाळी सरांच्या ओम्नीतून आम्ही तिघं माळावर गेलो. आई पुढं, मी मागं विमान मांडीवर आडवं घेऊन. आईंच्या पायाशी पिशवी, पिशवीत ताम्हन, निरांजन, हळद-कुंकू, नारळ, झेंडूची माळ, आणि एक पाट. पाटाशिवाय पूजा कशी करायची, म्हणून घरातला पाट वर्तमानपत्रात बांधून आणला होता.

माळावर ऊन छान होतं. वारा बेताचा. गवत वाळून पिवळं पडायला लागलं होतं. आईंनी जागा झाडली, पाट मांडला, रांगोळीची दोन बोटं ओढली आणि विमान पाटावर ठेवायला सांगितलं. विमानाची दोन चाकं आणि शेपटीचं एक बारकं चाक. पाट लहान. उजवं चाक पाटावर बसलं, डावं खाली आलं. डावा पंख गवताला टेकायला आला.

"नीट बसत नाही, आई."

"असू दे. देवाला चालतं. आता सुरू कर ते."

"आत्ता?"

"गाडी सुरू करून मग पूजा करतो ना आपण? बंद गाडीची कोण पूजा करतं? सुरू कर."

हे खरं होतं. स्कूटरलासुद्धा आमच्याकडं आधी किक मारायची, इंजिन धडधडायला लागलं की मग हळद-कुंकू. मी रिमोट चालू केला, विमानाच्या पोटाचं झाकण उघडलं, बॅटरी लावली आणि हात काढला. आई निरांजन पेटवत होत्या, वाऱ्यानं काडी विझत होती. मी पदराचा आडोसा धरला. पंखांच्या पट्ट्या झटकन हलल्या. मी बघितलं, हलल्या. झालं, कळलं त्याला, एवढं माझ्या मनात आलं आणि मी पुढच्या कामाला लागले. दहा मोजलेच नव्हते. पूजेत मध्येच आकडे कोण मोजणार?

कुरणे सर चपला काढून, टोपी काढून, चार हात लांब हात जोडून उभे होते. एरवी हा माणूस विमान उडायच्या आधी भोवती तीन फेऱ्या मारायचा, वाकून पट्ट्या बघायचा, शेपटी बघायचा, मला काड्या हलवायला लावायचा. त्या दिवशी आरती झाली, आईंनी माळ काढून घेतली, विमान मी उचलून सपाट जागेवर ठेवलं आणि सर वाकायला निघाले, तर आईंनी त्यांच्या ओंजळीत खोबरं-साखर घातली. खोबरं हातात घेऊन वाकता येत नाही आणि प्रसाद खाली ठेवता येत नाही. सर खात उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पट्ट्या हलतात ना?" त्यांनी तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं. मी उजवी काडी हलवली, पट्ट्या हलल्या.

"हलतात."

"मग घ्या नाव आणि सोडा."

आई माझ्या उजव्या हाताला येऊन उभ्या राहिल्या, अगदी जवळ. मी जोर वाढवला. विमान गवतातून पळालं, पंधरा-वीस पावलांत जमीन सुटली. पिवळा पंख उन्हात वर जाताना मला दिसला.

"उडलं," आई म्हणाल्या. "रोहिणी, उडलं की गं."

ते डावीकडं ओढ घेत होतं. मला वाटलं वारा असेल. मी काडी उजवीकडं थोडी दाबली, सरळ झालं. सोडली, परत डावीकडं. परत दाबली. उंची बरी मिळाली होती, तेवढ्यात त्यानं डावीकडचं वळण पुरं केलं आणि तोंड आमच्याकडं केलं. माझा नेहमीचा गोंधळ झाला, आणि मी नेहमीचं केलं. काड्या सोडल्या.

सरळ व्हायच्या ऐवजी ते आणखी कललं.

"वहिनी, काडी धरा," सर म्हणाले. "काय करताय?"

"सोडलीय."

"सोडू नका. ते चुकीचं सपाट धरतंय. ऐका, स्विच तिसऱ्यावर टाका."

माझं बोट स्विचवर होतं. मला नीट आठवतं, नखाखाली त्याचं टोक लागत होतं. तो खाली ओढायला काहीच जोर लागत नाही. तो ओढला असता, तर ते डावीकडचं ओढणं थांबलं असतं आणि विमान माझ्या हातात आलं असतं. पण मग ते माझ्या एकटीच्या हातात आलं असतं.

"छान घिरट्या घालतंय," आई म्हणाल्या. त्यांना काही कळलं नव्हतं. त्यांनी हात जोडले होते.

विमान डावीकडं एक गोल मारून आलं, मग दुसरा, पहिल्यापेक्षा खाली, आणि वाऱ्यानं माळाच्या कडेला, दगडी बांधाकडं सरकत. मी काडी धरत होते, उलटी दाबत होते, घाबरून सोडत होते. सोडलं की ते आणखी कलत होतं. सर शेजारी आले, हात पुढं केला. "द्या इकडं. वहिनी, द्या."

मी रिमोट दिला नाही. घरच्या माणसानं उडवायचं होतं म्हणून नाही दिला, की माझे हातच सुटेनात म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. स्विच मात्र मी ओढला नाही, हे मला माहीत आहे.

बाल्साचं लाकूड मोडतं तेव्हा मोठा आवाज होत नाही. पापड मोडावा एवढाच झाला.

आईच पहिल्यांदा निघाल्या. गुडघ्याचा पट्टा लावलेली ती बाई आम्हा दोघांच्या पुढं, निऱ्या वर खोचून, गवत तुडवत बांधाकडं जवळजवळ पळत गेली. आम्ही पोचलो तेव्हा त्या खाली बसून तुकडे पदरात घालत होत्या. डावा पंख मुळापासून गेला होता. पिवळा कागद फाटून आतल्या बारीक बारीक फासळ्या दिसत होत्या. एकेक उदयनं ब्लेडनं कापलेली.

सरांनी विमानाचं धड उचललं. बॅटरी काढली. मग मला विचारलं, "बॅटरी लावली तेव्हा हे कुठं होतं?"

"पाटावर."

"कसं होतं पाटावर?"

मी हाताचा पंजा तिरका करून दाखवला.

"तेच मग त्यानं सपाट धरलं," सर म्हणाले. "वर गेल्यावर सरळ झालं की त्याला वाटायचं आपण वाकडे झालो. ते बरोबरच करत होतं. माझीच चूक. मी वाकून बघायला पाहिजे होतं."

"म्हणजे पाटावर ठेवलं म्हणून," आई म्हणाल्या.

"तसं नाही, अक्का."

"तसंच. मी म्हटलं सुरू कर. ती म्हणत होती नीट बसत नाही. मी म्हटलं असू दे."

"अक्का, लाकूड आहे. पंख मी परत बांधतो."

"तुम्ही बांधाल," आई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी हात लावला की असंच होतं."

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग विमानाच्या नाकावरच्या पंख्याचं पातं शोधायच्या निमित्तानं ते बांधाच्या पलीकडं उतरले. मी आईंच्या शेजारी गवतात बसले. काहीतरी बोलायला हवं होतं. येईल म्हणून मी शब्द दिला होता आणि आलं नव्हतं. तरी मला काही वाटत नव्हतं. कुसळं साडीत शिरत होती, ती तेवढी टोचत होती.

"तुमचा दोष नाही, आई. माझ्या हातात होतं. मी स्विच ओढला नाही."

"ह्याचं नाही म्हणत मी," त्या म्हणाल्या.

मग त्या बोलल्या. पदरातल्या तुकड्यांकडं बघत, एका सुरात, भाजीचा भाव सांगावा तशा.

"त्या मंगळवारी सकाळी माझ्याकडं आला स्वयंपाकघरात. आई, डोकं फार दुखतंय म्हणाला. दोन दिवस झाले थांबत नाही. आज जतला जाऊ नको वाटतंय. मी म्हटलं, डोकं दुखतंय म्हणून कोण घरी बसतं? आल्याचा चहा करून दिला आणि म्हटलं जा. मी घालवला त्याला. सगळे येऊन विचारायचे, आधी काही त्रास होता का. मी तुझ्या शेजारी बसून नाही म्हणायचे. तुझ्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती मला. तू दवाखान्यातली. तुला सांगितलं असतं तर तू त्याला नेलं असतंस. पण तो म्हणाला होता, रोहिणीला सांगू नको, ती लगेच सुई घेऊन मागं लागेल."

मला शब्द ऐकू आले. त्यांचा अर्थ लागायला वेळ लागला.

"काय म्हणाले?"

"तुला सांगू नको म्हणाला."

"आई," मी म्हटलं. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "मला रविवारी रात्रीच सांगितलं होतं त्यांनी."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"डोकं दुखतंय म्हणाले. डोळ्यांपुढं चमकतंय म्हणाले. मी दमून आले होते. मी म्हटलं, अ‍ॅसिडिटी असेल, दुपारी बाहेर वडे खाल्लेत ना. गोळी दिली आणि झोपले. सोमवारी परत म्हणाले, तर मी म्हटलं किती कुरकुर करता. मी रोज दवाखान्याच्या दारात असते, आई. मला कळायला पाहिजे होतं. मी कुणालाच सांगितलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"ते म्हणाले, आईला सांगू नको. उगाच काळजी करत बसेल."

आई माझ्याकडं बघत राहिल्या. मी वाट बघत होते. मारतील, उठून जातील, तू मारलंस माझ्या पोराला म्हणतील. अकरा महिने मी तेच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची तयारी करत होते, म्हणून तर घरात त्यांना वाट देत फिरत होते. आणि त्याही मला वाट देत होत्या.

"तुला म्हणाला, आईला सांगू नको," आई म्हणाल्या.

"हो."

"मला म्हणाला, रोहिणीला सांगू नको."

"हो."

"आणि आपण दोघींनी त्याचं ऐकलं. मेल्यावरसुद्धा."

त्यांचा चेहरा बदलला. तुकडे सांडायची पर्वा न करता त्या माझ्याकडं वळल्या. "लबाड," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून लबाड. शाळेतून बोलावणं आलं की बापाला सांगायचा आईला सांगू नका, मला सांगायचा बापाला सांगू नको. मारच खायला पाहिजे होता त्यानं."

आणि मला राग आला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी आलं, आणि ते दुःख नव्हतं, राग होता. डोकं फुटतंय आणि हा माणूस घरातल्या घरात राजकारण करतोय. एक बोलली असती दुसरीशी, तर एकीला तरी शंका आली असती. आणि त्याच्या त्या दोन शब्दांनी आम्हाला एका छताखाली अकरा महिने चोरांसारखं राहायला लावलं. मी नवऱ्याला सासूसमोर कधी नावानं हाक मारली नव्हती. अहो-जाहो सोडलं नव्हतं.

"गाढवा," मी त्या फुटक्या पिवळ्या पंखाला म्हटलं, मोठ्यानं, बांधापलीकडं सरांना ऐकू जाईल असं. "उदय, गाढवा, एकीला तरी बोलू द्यायचं होतंस."

बोलले आणि घाबरून आईंकडं बघितलं. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांच्या बोटांना हळद-कुंकू लागलेलं होतं आणि पकड घट्ट होती.

"अजून बोल," त्या म्हणाल्या. "थांबू नको. अजून बोल त्याला."